पावणेदहा कोटींचं गाणं

मुंबईत 2002 साली खासगी एफएम आलं. विन, गो, मिर्ची, रेड, सिटी अशी नवी नावं आली आणि पाठोपाठ तक्रारही आली की स्टेशन बदललं तरी गाणं काही बदलत नाही. याचं खापर बहुधा श्रोत्यांच्या आवडीवर फोडलं जातं. माझ्या मते ते परवान्यांच्या लिलावावर फोडायला हवं. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगितलं. सरकारनं या मालमत्तेचा चढ्या बोलीनं लिलाव केला. मुंबईतल्या एका वाहिनीचं पहिल्या वर्षाचं शुल्क 9.75 कोटी रुपये, आणि त्यात दरसाल 15 टक्के वाढ. म्हणजे पाचव्या वर्षी 17 कोटी आणि दहाव्या वर्षी 34 कोटींच्या वर, जाहिराती मिळोत वा न मिळोत. शिवाय बातम्यांना बंदी. दादरला गाड्या तुंबल्यात हे आरजे सांगे. त्यावरून महापालिकेत काय घडलं ही बातमी देणं मात्र परवान्यात बसत नव्हतं. मग उरतं काय? नुकत्याच आलेल्या सिनेमाचं गाणं.

यावर कुणी म्हणेल, गो 92.5 नं इंग्रजी गाण्यांचा प्रयोग केलाच होता, तो कुठे टिकला? पण थोड्या, निष्ठावान श्रोत्यांवर चालणाऱ्या वाहिनीलाही शुल्क सरसकट तेच होतं. आणि हिंदी गाणी लावणारी विन तरी कुठे तगली? अधिक वजनदार आक्षेप वेगळा आहे. 2005 साली हे वार्षिक शुल्क गेलं. एकरकमी प्रवेश शुल्क आणि उत्पन्नाच्या 4 टक्के वाटा अशी पद्धत आली. तरी सूर तोच राहिला. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. विरारहून निघालेल्या लोकलमध्ये मोबाइलवर रेडिओ, अंगठा सतत बटणावर, गाणं अनोळखी वाटलं की पुढचं स्टेशन. अशा श्रोत्यापुढे धोका कोण पत्करणार? पण दुसरं कारण पुन्हा नियमांतच होतं. एका शहरात एका मालकाला एकच वाहिनी. चौपाटीवर दोन भेळवाले असले तर दोघेही गर्दीच्या मधोमधच गाडी लावतात. दोन्ही गाड्या एकाच मालकाच्या असत्या तर एक या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला लागली असती. या मधल्या गर्दीत मराठी गाणं धरलंच जात नव्हतं, ते आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीकडे राहिलं.

हा नुसता तर्क नाही. खासगी एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्यात एका मालकाला एकच वाहिनी हा नियम सैल झाला आणि 2015 च्या लिलावानंतर मुंबईत जुन्या मालकांच्या दुसऱ्या वाहिन्या आल्या. रेडनं रेडट्रो काढली, फीवर या स्टेशनच्या मालकांनी रेडिओ नशा. दोन्हींवर जुनी गाणी, कारण नवी लावली असती तर स्वतःच्याच पहिल्या दुकानाचं गिऱ्हाईक फुटलं असतं.