बॉनेट-कुलूप, मोटारगाडीचे
मोटारगाडीच्या एंजिनावरील झाकण (बॉनेट) प्रवासात घट्ट धरून ठेवणाऱ्या व आवश्यक तेव्हा सहज सुटणाऱ्या यंत्रणेस बॉनेट-कुलूप म्हणतात. चोरीस प्रतिबंध हे तिचे एक कार्य असले, तरी प्रारंभीच्या काळात मुख्य प्रश्न कंप, खडखडाट व पत्र्याची झीज यांचा होता.

कार्ल बेंत्स यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत एंजिन मागील बाजूस असल्याने पुढे झाकणाची गरज नव्हती. फ्रान्समधील पानार ए लव्हासॉर या कंपनीने १८९१ मध्ये एंजिन पुढे आणले व त्यावर झाकण आले. व्हिल्हेल्म मायबाख यांनी अभिकल्पिलेल्या १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर अग्रभागी होता व त्यामागे लांब बॉनेट होते. ही मांडणी पुढे सर्वत्र रूढ झाली.

त्या काळी कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, ठिणगी-गुडद्या व वंगणाची ठिकाणे वारंवार तपासावी लागत. म्हणून बॉनेट सामान्यतः मधोमध लांबीच्या दिशेने बिजागरी असलेले व दोन्ही बाजूंनी वर उचलता येणारे असे. त्याची पुढील कड रेडिएटरवर, मागील कड चालकापुढील आडव्या भिंतीवर व खालच्या कडा सांगाड्यालगत टेकत. खडबडीत रस्त्यावर सांगाडा पिळवटला जाई आणि रेडिएटर व भिंत यांचे परस्परस्थान क्षणोक्षणी बदले. बॉनेट ताठर जोडणीने आवळले, तर पातळ पत्र्यास बिजागरीजवळ तडे जाण्याचा संभव असे. सैल ठेवले, तर ते खडखडे. रोल्स-रॉइसची १९०६ मध्ये सादर झालेली ४०/५० अश्वशक्तीची ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडी शांत चालीसाठीच नावाजली गेली. अशा गाडीत एंजिनाचा आवाज जितका कमी, तितका सैल पत्र्याचा आवाज अधिक जाणवे. या जातीच्या ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ गाडीने १९०८ मध्ये मुंबई–कोल्हापूर चाचणीत भाग घेतला. घाटरस्त्यांवरील अशा प्रवासात प्रत्येक जोडाची कसोटी लागे.

साधे स्क्रू कंपाने ढिले होत व ते उघडण्यास हत्यार लागे. शर्यतीच्या गाड्यांत बॉनेटवरून कातडी पट्टा आवळीत. तो खात्रीचा, पण उंची गाडीच्या रूपास न शोभणारा होता. अधिक समाधानकारक उपाय म्हणजे स्प्रिंगयुक्त आकडा. त्याचा ताण कंपामुळे पत्र्यावर येणाऱ्या जडत्व-प्रेरणेपेक्षा अधिक ठेवला, म्हणजे पत्रा आधारापासून सुटत नाही. त्याच वेळी स्प्रिंग लवचिक असल्याने सांगाड्याची पिळवटही सामावून घेतली जाते. मूठ बंद करताना स्प्रिंगचा ताण वाढत जातो. ताणाच्या क्रियारेषेने मुठीचा कीलक ओलांडला, की तोच ताण मुठीस उघडण्याऐवजी बंद स्थितीकडे दाबू लागतो. त्यामुळे कडी सुटण्यापूर्वी स्प्रिंग पुन्हा ताणावी लागते व ते काम किरकोळ कंपाकडून होत नाही. धातूवर धातू घासू नये म्हणून टेकणाऱ्या कडांखाली विणलेली पट्टी किंवा कातडे बसवीत. कुलूप व ही पट्टी यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय निःशब्द बॉनेट साधत नसे.

१९३० नंतरच्या दशकात मागे बिजागरी असलेले व पुढून उघडणारे अखंड बॉनेट प्रचारात आले. १९३६ सालच्या कॉर्ड ८१० व लिंकन-झेफिर या गाड्या त्याची प्रारंभीची उदाहरणे होत. यामुळे कुलपाचे स्वरूपच पालटले. उघडणारी कड आता वाऱ्यास सामोरी आली. वेगात कुलूप सुटल्यास वारा झाकण उलटवून काचेवर आपटी व चालकाची दृष्टी पूर्णपणे रोखली जाई. पूर्वी गैरसोयीचा असलेला दोष आता प्राणघातक ठरू शकत होता. म्हणून मुख्य कुलूप सुटले, तरी झाकण अल्प फटीवर अडविणारी दुसरी कडी देण्यात येऊ लागली. चालकाची पुढील दृष्टी रोखू शकणाऱ्या, पुढून उघडणाऱ्या बॉनेटासाठी अशी दुहेरी व्यवस्था अमेरिकेत १९६९ पासून कायद्याने सक्तीची झाली. चालकाजवळील खटक्याने व लवचिक तारेने मुख्य कुलूप सोडण्याची पद्धत रूढ झाल्यावरही दुसरी कडी बहुधा बाहेरून हातानेच सोडावी लागते. गाडी थांबवून खाली उतरल्याशिवाय झाकण पूर्ण उघडू नये, हा त्यामागील हेतू आहे.