दुसऱ्याच्या शब्दांचे दायित्व

समाजमाध्यमावरील एखादा मजकूर ज्याने लिहिलेला नाही, केवळ पुढे पाठविला आहे, त्याला त्या मजकुराबद्दल शिक्षा व्हावी काय, हा प्रश्न आज प्रामुख्याने विधिज्ञांच्या चर्चेत आढळतो. वस्तुतः तो साहित्यविचाराचाही प्रश्न आहे. संहितेचा कर्ता कोण, उद्धृत करणे आणि उच्चारणे यांत भेद कोणता, अर्थाची जबाबदारी कोणाकडे जाते, हे प्रश्न समीक्षेने दीर्घकाळ हाताळले आहेत. फौजदारी कायद्याने मात्र त्यांची उत्तरे निराळ्या मार्गाने, आणि अनेकदा अधिक घाईने, दिलेली दिसतात. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा एक मराठी वंशवृक्ष मांडण्याचा प्रयत्न आहे.

त्याचा आरंभ १८९७ च्या टिळक खटल्यापासून करणे सोयीचे ठरेल. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले उद्गार असलेली एक कविता टोपणनावाने प्रसिद्ध झाली, त्याच अंकात शिवराज्याभिषेकोत्सवातील भाषणांचा वृत्तांतही होता. २२ जूनला पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि पुढील महिन्यात टिळकांना अटक झाली. कविता टिळकांची नव्हती. तिच्यातील वक्ता तर कवीही नव्हता. तो इतिहासातून परत आलेला राजा होता. म्हणजे काव्यातील ‘मी’ आणि आरोपी यांच्यामध्ये कवी आणि निवेदक अशी दोन अंतरे होती. न्यायालयाने ती दोन्ही पुसून टाकली. न्या. स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ या संज्ञेचा अर्थ प्रीतीचा अभाव असा विस्तृत लावला आणि ज्यूरीच्या सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने टिळक दोषी ठरले. त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. वृत्तपत्राच्या मुद्रकाची मात्र सुटका झाली. प्रसारकांमध्येही श्रेणी असतात, हेतुपूर्वक प्रसृत करणारा आणि केवळ यंत्र चालविणारा हे एक नव्हेत, ही जाण या निर्णयात अस्फुटपणे का होईना दिसते.

१९०८ च्या दुसऱ्या खटल्यात प्रश्न अधिक स्पष्टपणे भाषेचा झाला. टिळकांनी स्वतःच बचाव करताना सरकारी भाषांतरावर बोट ठेवले: मूळ मराठी शब्दांची छटा इंग्रजी प्रतिशब्दात उरत नाही, आणि शिक्षा तर त्या प्रतिशब्दाला होणार आहे. हा युक्तिवाद ज्यूरीला पटला नाही. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तरीही तो महत्त्वाचा आहे. संहिता एका वाचकसमूहाकडून दुसऱ्याकडे गेली की ती तीच राहत नाही, हे भाषांतरमीमांसेतील तत्त्व त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यातून मांडले होते. पुढल्याच वर्षी गणेश दामोदर सावरकर यांना कवितांच्या एका पुस्तिकेवरून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेथे पौराणिक व ऐतिहासिक दाखल्यांचे वाचन वर्तमानातील चिथावणी म्हणून केले गेले. रूपक हा बचाव राहिला नाही. तोच पुरावा ठरला.

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रश्न मिटला नाही, त्याची भूमी बदलली. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या मुखपत्रात छापली गेली. त्यावरील अश्लीलतेचा खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आधीच माफी मागितलेल्या प्रकाशक-मुद्रकांवरील आरोप न्यायालयाने रद्द केले. कवीला मात्र खटल्यास सामोरे जाण्यास सांगितले. १८९७ मध्ये कवी अज्ञात राहिला आणि प्रसारक तुरुंगात गेला. २०१५ मध्ये प्रसारक सुटला आणि कवी अडकला. दायित्व संहितेत नसून तिच्या वापरात आहे असे मानले, तरच हे दोन निकाल एकत्र समजावून घेता येतात. पण तसे मानले, तर वापर कसा वाचायचा हे न्यायालयाने सांगावयास हवे.

समाजमाध्यमाने नेमकी हीच अडचण तीव्र केली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबई बंदविषयी मजकूर लिहिणाऱ्या तरुणीबरोबरच त्याला ‘लाइक’ देणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही अटक झाली. म्हणजे वाचकाचा होकारही आरोपपात्र ठरला. ज्या कलम ६६ अ चा तेथे उपयोग झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या करून शेवटच्या पायरीवरच शिक्षेचा विचार व्हावा, असे त्या निकालाचे सार आहे. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ‘लाइक’ म्हणजे प्रकाशन नव्हे असे म्हटले, तर त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने, पुढे पाठविणारा त्या मजकुराच्या परिणामातून सुटत नाही असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये तर इलेक्ट्रॉनिक संदेशवहनाचा नामोल्लेखच आहे.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा मोबाइलवरून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठविलेल्या होत्या. त्यांचा ‘लेखक’ शोधणे व्यर्थ आहे. त्या पाठविणाऱ्यांमधूनच घडल्या. कर्त्याच्या मृत्यूची सैद्धांतिक घोषणा अशा ठिकाणी सोयीची पळवाट ठरू शकते. तेव्हा प्रसारक निर्दोषच असतो, ही भूमिका टिकणारी नाही.

मात्र त्यावरून प्रत्येक प्रसारक लेखकच होय, असेही निघत नाही. पुढे पाठविणे हा एक नवा उच्चार असतो. तोच मजकूर एक जण निषेधासाठी पाठवितो, दुसरा उपहासासाठी, तिसरा संशोधनासाठी आणि चौथा आग लावण्यासाठी. छापील लेखात अवतरणचिन्हे, प्रस्तावना, टीप यांतून हा भेद दिसतो. पडद्यावर संदेश बहुधा चौकटीविनाच पुढे सरकतो. म्हणून चौकट नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरणे, ही १८९७ चीच चूक नव्या यंत्रावर करणे होय. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी, कशाच्या अपेक्षेने पाठविले, हे वाचल्याशिवाय गुन्हा वाचता येत नाही. हे काम शब्दकोशाचे नाही, अर्थनिर्णयनाचे आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी ते केवळ विधिज्ञांवर सोपवून स्वस्थ बसावे, असा हा विषय नाही. कारण आता आरोपीच्या पिंजऱ्यात संपादक किंवा कवीच उभा राहतो असे नाही, तेथे वाचकही उभा राहू लागला आहे.