खांद्यावर पडलेला हात

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर मोठी यात्रा भरते. अशा गर्दीत एखादा खिसेकापू सापडावा, हे ओघानेच आले. शिपाई येतो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. पोरगा मुकाट्याने चालू लागला तर प्रसंग तेथेच संपतो. त्याने हिसडा दिला तर मात्र भोवतालच्या गर्दीतून एकच आवाज उठतो, "हाणा त्याला!" हा आवाज केवळ परक्यांचा असतो, असे आम्हांस म्हणता येत नाही.

त्या हाताला कायद्याने फार जुन्या काळापासून अर्थ दिला आहे. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 46 सांगते की, अटक करायची ती त्या माणसाच्या शरीरास प्रत्यक्ष स्पर्श करून किंवा त्याला अडवून. मात्र शब्दाने वा कृतीने तो स्वतःच स्वाधीन होत असेल तर त्याची गरज नाही. त्याने बळाने प्रतिकार केला, तर अटकेसाठी आवश्यक ती सर्व साधने पोलिसांनी वापरावीत. आणि लगेच पुढे मर्यादा घातली आहे : ज्या माणसावर देहान्त किंवा जन्मठेप काळ्या पाण्याच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडविण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. तेव्हा रामटेक मध्य प्रांतात होते आणि राज्य इंग्रजांचे होते. देश स्वतंत्र झाला, 1973 साली नवी संहिता आली, कलमाचा क्रमांकही तोच राहिला. काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप आली, एवढेच. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम 43 मध्ये आहे. विशिष्ट गंभीर गुन्ह्यांत बेड्या घालण्याची मुभा तेवढी तिला नव्याने जोडलेली आहे.

या मर्यादेचा अर्थ पुष्कळ जण उलटा लावतात. आरोप खुनाचा किंवा बलात्काराचा असला म्हणजे गोळी घालण्यास मोकळीक, असे त्यांना वाटते. वस्तुतः तेथेही "आवश्यक" हा शब्द सुटत नाही. माणूस हाती लागू शकत असेल, तर त्याला मारणे आवश्यक कसे ठरेल? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना हेच माप धरले होते : हल्ला परतविण्यास लागेल तेवढेच बळ; त्याहून अधिक वापरले की ते कृत्य अनुचित ठरते.

कलम नीट आहे. अडचण आहे ती पुराव्याची. बळाचे माप प्रतिकारावर ठरते, आणि प्रतिकार किती झाला हे सांगणारा बहुधा बळ वापरणाराच असतो. दुसरा पक्ष जिवंत असेल तर तो निदान आपली बाजू मांडतो. तो मेला असेल तर कागदावर एकच कथा उरते.

आपल्या भाषेत या कथेला "चकमक" हे नाव मिळाले आहे. चकमक म्हणजे गारगोटी आणि पोलाद एकमेकांवर आपटून ठिणगी पाडण्याचे साधन. आघात दोन्हीकडून झाल्याचे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे! 11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्यास मन्या सुर्वे मारला गेला, ती मुंबईतील पहिली चकमक म्हणून सांगितली जाते. नंतर टोळ्यांची दहशत वाढली, खंडणीसाठी दिवसाढवळ्या खून पडू लागले, आणि 1995 ते 1997 या काळातील सुमारे 99 चकमकींत 135 च्या आसपास माणसे मारली गेल्याचा प्रश्न न्यायालयांपुढे आला. त्या काळी मुंबईकर भ्याले होते, ही गोष्ट विसरून त्या पोलिसांचा न्याय करू नये. धमकीचा दूरध्वनी ज्याच्या घरी येत होता, त्याला कलम 46 चे सूक्ष्म वाचन सुचणे कठीण होते.

तथापि त्या भीतीतही कोणीतरी कथा तपासायला बसले. ऑगस्ट 1997 मध्ये जावेद फावडा नावाचा गुंड मारल्याचे पोलिसांनी जाहीर केले. घरच्यांचे म्हणणे असे की, मेलेला मनुष्य शेंगदाणे विकून पोट भरणारा होता. पुढच्याच महिन्यात सदा पावले मारला गेला. या प्रकरणांची चौकशी मुंबईच्या नगर दिवाणी व सत्र न्यायालयाचे प्रधान न्यायाधीश ए. एस. अग्वियार यांच्याकडे आली, आणि या चकमकींची पोलिसी हकिकत विश्वासार्ह नाही असा निष्कर्ष त्यांनी 1998 साली दिला. उच्च न्यायालयाने 1999 मध्ये तो मान्य केला नाही. परंतु पुढील चकमकींसाठी काही निर्देश मात्र दिले. अग्वियार यांचा निष्कर्ष टिकला नाही म्हणून त्यांचे काम वाया गेले, असे आम्हांस वाटत नाही. शपथेवर साक्षी घेऊन ती एकच कथा पारखता येते, हे त्यांनी दाखवून दिले होते.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल लागायला पंधरा वर्षे लागली. 23 सप्टेंबर 2014 रोजी सरन्यायाधीश लोढा व न्यायमूर्ती नरिमन यांनी चकमकीतील मृत्यूंसाठी सोळा नियम घालून दिले. गुन्हा नोंदवावा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, पोलिसांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी द्यावीत, मृताच्या नातलगांना लवकरात लवकर कळवावे, आणि घटनेपाठोपाठ शौर्यपदके व बढत्या देऊ नयेत. हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो. टाळ्या थांबल्याखेरीज तपास सुरू होत नाही.

त्या निकालाला बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, 23 सप्टेंबर 2024 रोजी, मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत बदलापूर प्रकरणातील आरोपी गोळी लागून मेला. शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, अशी पोलिसांची हकिकत होती. उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत विचारले की, गाडीतल्या पोलिसांना एक माणूस आवरता कसा आला नाही? आणि गोळी पायावर का झाडली नाही? जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल न्यायालयापुढे आला. पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नव्हते, बळाचा वापर समर्थनीय नव्हता आणि पाच पोलीस जबाबदार आहेत, असे त्यात म्हटले होते. दरम्यान मुंबईत "बदला पुरा" असे फलकही लागले होते.

लेकीबाळी असलेल्या आम्हा आईबापांना त्या फलकांविषयी मनात काय वाटले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अनेकांना बरे वाटले. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात दुरुस्ती करून देहान्ताची शिक्षाच अमान्य ठरविली, हे आपण चर्चमध्ये ऐकून घेतले होते. न्यायाधीशाने विचारपूर्वक दिलेला मृत्युदंडही आपल्याला मान्य नाही. मग खटल्यावाचून आलेला मृत्यू आपल्याला सुखकर का वाटावा?

गेथसेमनी बागेतील अटकेकडे या दृष्टीने पाहिले की काही गोष्टी ठळक होतात. शिपाई तलवारी व सोटे घेऊन आले, प्रभूने मात्र आपण होऊन ओळख दिली. कायद्याच्या भाषेत, शब्दाने स्वाधीन झाला. प्रतिकार केला तो शिष्याने. कान तुटल्याचे चारही शुभवर्तमानांत आहे. तलवार पेत्राची आणि कान मल्खाचा, ही नावे एकटा योहान देतो. आणि प्रभूने तो कान बरा केला, हे फक्त लूक सांगतो. अटक करायला आलेल्या माणसाची जखम भरून निघाली, आणि अटकही झाली.

मृतांस मूठमाती देणे हे आपल्या सात शारीरिक दयाकृत्यांपैकी एक. बदलापूरच्या त्या आरोपीच्या देहाला जागा मिळेना. लोक विरोध करीत होते, म्हणून दफनभूमीसाठी त्याच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले. उल्हासनगरला खणलेला खड्डा काही रहिवाशांनी पुन्हा बुजविला. शेवटी 29 सप्टेंबर रोजी, पोलिसांच्या बंदोबस्तात, त्याला तेथे पुरण्यात आले.