खोक्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा 'क्वेक' : स्वस्त संगणकांच्या एका अपेक्षाभंगाचा इतिहास

१/
१९९६ च्या आरंभी इंटेलच्या काही प्रतिस्पर्धी कंपन्यांनी प्रोसेसरचा वेग सांगण्याची एक नवी रीत सुरू केली. त्याच वर्षी २२ जून रोजी 'क्वेक' नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही त्या एकत्र आल्या आणि खेळासाठी स्वस्त संगणक घेणाऱ्यांचा मोठा हिरमोड झाला. तो का झाला, याचा हा धागा.

२/
प्रथम सायरिक्स या कंपनीविषयी. १९८८ साली टेक्सासमधील डॅलस शहराजवळ, रिचर्डसन येथे तिची स्थापना झाली. त्या काळी मुख्य प्रोसेसर पूर्णांकांचे गणित करी. अपूर्णांकांचे गणित, ज्याला 'फ्लोटिंग पॉइंट' म्हणतात, ते वेगाने हवे असल्यास निराळी चिप विकत घेऊन बसवावी लागे. इंटेलच्या ८०३८७ या चिपच्या जागी बसणारी आणि तिच्याहून जलद चालणारी चिप हाच सायरिक्सचा पहिला माल होता. अपूर्णांकांच्या गणितावर नाव कमावलेली ही कंपनी पुढे त्याच गणितात उणी पडली.

३/
मात्र ही उणीव अजाणता राहिलेली नव्हती. पत्रलेखन, हिशेब, याद्या ही घराकार्यालयांतील नित्याची कामे जवळजवळ सर्वस्वी पूर्णांकांवर चालत. खेळही त्यास अपवाद नव्हते. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला 'डूम' अपूर्णांक टाळूनच चाले. रुपयांचा हिशेब पैशांत मांडला की दशांश चिन्ह लागत नाही, तशीच ही युक्ती. त्यामुळे ज्यात गणिती विभाग नव्हता अशा ४८६ एसएक्स या इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरवरही डूम खेळता येई.

४/
डूमच्या रचनेतही एक काटकसर होती. त्यातील भिंती नेहमी उभ्या आणि जमिनी नेहमी सपाट. उभ्या भिंतीचा एक उभा पट्टा रंगवताना त्यावरील सर्व बिंदूंची खोली सारखीच असते. म्हणून एका पट्ट्यास एकच भागाकार पुरे. उतरती छपरे, तिरपे पृष्ठभाग या जगात नव्हतेच.

५/
अशा पार्श्वभूमीवर सायरिक्सने १९९५ मध्ये ६एक्स८६ हा प्रोसेसर जाहीर केला. पूर्णांकांच्या कामात तो खरोखर सरस होता. तितक्याच मेगाहर्ट्झच्या पेंटियमहून तो अधिक काम उरके. परंतु दुकानात ग्राहक विचारी तो मेगाहर्ट्झ, आणि तेथे इंटेलचा आकडा मोठा दिसे. म्हणून सायरिक्स, एएमडी, आयबीएम आणि एसजीएस-थॉमसन यांनी मिळून 'पी-रेटिंग' काढले. १३३ मेगाहर्ट्झवर चालणारा ६एक्स८६ आता 'पी१६६+' या नावाने विकला जाऊ लागला. अर्थ असा की, त्याचे काम १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमएवढे किंवा त्याहून सरस.

६/
हा आकडा खोटा नव्हता. तो 'विनस्टोन ९६' या चाचणीवर आधारलेला होता, आणि त्या चाचणीत विंडोजवरील कार्यालयीन कार्यक्रम चालवून वेळ मोजला जाई. त्या मोजपट्टीने सायरिक्सचा दावा टिकत असे. पण खोक्यावर आकडा छापला जाताना मोजपट्टीचे नाव मागे राहिले. ग्राहकाने त्या आकड्याचा अर्थ 'सर्व बाबतींत तितकाच वेगवान' असा घेतला, आणि विक्रेत्याला तो अर्थ दुरुस्त करण्याची गरज वाटण्याचे कारण नव्हते.

७/
मग क्वेक आला. तो तयार करणारी आयडी सॉफ्टवेअर ही कंपनीही डॅलसच्याच परिसरातील, मेस्कीट येथील. क्वेकच्या जगात पृष्ठभाग कोणत्याही कोनात कलू शकत होते. त्यामुळे डूमची काटकसर निरुपयोगी ठरली. तिरप्या पृष्ठभागावरील चित्र वाकडेतिकडे दिसू नये, यासाठी तत्त्वतः पडद्यावरील प्रत्येक बिंदूला एक भागाकार लागे, आणि भागाकार ही प्रोसेसरला सर्वांत जड जाणारी क्रिया.

८/
जॉन कारमॅक आणि मायकेल ॲब्रॅश यांनी यावर मार्ग काढला. दर १६ बिंदूंमागे एकच खरा भागाकार करायचा आणि मधले बिंदू अंदाजाने भरायचे. पेंटियमचा फ्लोटिंग पॉइंट विभाग भागाकारात गुंतलेला असताना त्याचा पूर्णांक विभाग आधीचे १६ बिंदू रंगवत असे. एका चुलीवर भात शिजत असताना दुसरीवर भाजी परतून घ्यावी, तसे हे काम. भागाकाराचा वेळ जणू फुकटात मिळे.

९/
ही लय पेंटियमसाठी बेतलेली होती. सायरिक्सचा फ्लोटिंग पॉइंट विभाग जुन्या घडणीचा. पेंटियममध्ये एक क्रिया पुरी होण्याआधीच पुढची सुरू करता येई; सायरिक्समध्ये ती सोय नव्हती. परिणाम पडद्यावर स्पष्ट दिसला. १६६ च्या बरोबरीचा म्हणवणारा संगणक क्वेकमध्ये त्याहून बऱ्याच कमी वेगाच्या पेंटियमच्याही मागे पडू लागला. त्याच यंत्रावर पत्रे व हिशेब मात्र पूर्वीसारखेच झरझर चालत. यंत्र बिघडलेले नव्हते, म्हणून दुरुस्त करण्यासारखेही त्यात काही नव्हते.

१०/
यानंतर काटकसर आणखी पुढे गेली. १९९७ च्या आरंभी कॉम्पॅकने प्रेसारिओ २१०० हा संगणक ९९९ डॉलरला विक्रीस आणला. मॉनिटर त्यात धरलेला नव्हता. तरीही नामांकित कंपनीचा नवा संगणक हजार डॉलरच्या आत मिळणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. त्यात सायरिक्सची 'मीडियाजीएक्स' ही चिप होती.

११/
मीडियाजीएक्सची कल्पना चतुर होती. ग्राफिक्स कार्ड आणि साउंड कार्ड यांचा खर्चच काढून टाकायचा आणि त्यांचे बहुतेक काम प्रोसेसरकडे सोपवायचे. खेळाने साउंड कार्डाला आज्ञा दिली की चिप चालू काम थांबवी, त्या कार्डाचे सोंग वठवी आणि मग मूळ कामाकडे परते. पडद्यावरील चित्रही मुख्य मेमरीतच राही, त्यामुळे त्याच मेमरीवर प्रोसेसर आणि पडदा दोघांचा भार पडे. दुसऱ्या स्तराची कॅशे मेमरीही नव्हती.

१२/
पत्र लिहिताना यातले काही जाणवत नसे. खेळात मात्र आवाज, चित्र आणि गणित या तिघांची मागणी एकाच क्षणी होते. जेथे जेथे पैसे वाचवले होते, नेमका तेथे तेथे खेळाचा भार येई. शिवाय ही चिप प्रचलित सॉकेटमध्ये बसणारी नव्हती, त्यामुळे पुढे पैसे साठवून त्याच बोर्डावर जलद पेंटियम बसवण्याची वाटही बंद होती. ज्याच्याकडे दुसरा संगणक घेण्याची ऐपत नव्हती, त्यालाच ही अडचण सर्वाधिक भोवली.

१३/
स्वस्त म्हणजे खेळाला निकामी, असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होईल. पण एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन आणला, आणि त्याची कथा नेमकी उलटी आहे. पहिल्या, २६६ मेगाहर्ट्झच्या सेलेरॉनमधून इंटेलने दुसऱ्या स्तराची कॅशे मेमरी काढून टाकली होती. कार्यालयीन चाचण्यांत तो मागे पडला आणि त्याची बरीच नाचक्की झाली. परंतु त्याचा गणिती विभाग पेंटियम टू याच घडणीचा होता, त्यामुळे क्वेकसारख्या खेळांत तो त्यामानाने बरा चाले.

१४/
चार महिन्यांनी, ऑगस्ट १९९८ मध्ये, सेलेरॉन ३००ए आला. त्यात केवळ १२८ किलोबाइट कॅशे होती, पण ती चिपवरच असून प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की हीच चिप अनेकांकडे ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागली. कमी पैशांत खेळू पाहणाऱ्या जाणकारांची ती लाडकी ठरली. म्हणजे प्रश्न किंमत किती उतरवली एवढाच नव्हता. ती कोठे उतरवली, हा होता.

१५/
बाजाराने हा धडा सरसकट घेतला असे म्हणता येत नाही. १९९९ मध्ये इंटेलचा ८१० हा चिपसंच स्वस्त संगणकांसाठी आला. त्यात ग्राफिक्स अंगभूत होते आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्डासाठी लागणारा एजीपी स्लॉट नव्हता. प्रोसेसर पुरेसा असूनही, त्या काळातील उत्तम ग्राफिक्स कार्डे ज्या स्लॉटसाठी निघत, तोच या यंत्रांत नसे. आकडा पुन्हा एकदा प्रोसेसरचा होता आणि उणीव दुसरीकडे.

१६/
सायरिक्सचा शेवटही त्याच वर्षी झाला. १९९७ मध्ये ती नॅशनल सेमीकंडक्टरने विकत घेतली होती. मे १९९९ मध्ये नॅशनलने संगणकांच्या प्रोसेसरचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले आणि सायरिक्स तैवानच्या व्हिया कंपनीकडे गेली. मीडियाजीएक्सचा वंश मात्र नॅशनलकडेच 'जिओड' या नावाने राहिला आणि २००३ मध्ये एएमडीकडे आला.

१७/
याच जिओड कुळातील चिप पुढे 'एक मूल, एक लॅपटॉप' या योजनेच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये बसली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावच्या शाळेत मुलांच्या हाती जे लॅपटॉप आले, ते हेच. तेथे तिच्याकडून वाचन, लेखन, चित्रे आणि कमी विजेत चालणे एवढीच अपेक्षा होती. प्रेसारिओ २१०० मध्ये उणी वाटलेली काटकसर येथे गुण ठरली.

१८/
प्रोसेसरची नावे तेव्हापासून अनेकदा बदलली. 'अमुक इतका वेगवान' असे सांगणारा आकडा मात्र आजही खोक्यावर असतोच. तो कोणते काम करवून मोजला आणि किंमत कमी करताना कोणता भाग गाळला, हे दोन प्रश्न १९९६ मध्ये दुकानात फारसे विचारले गेले नाहीत. त्यांची उत्तरे ग्राहकांना घरी, क्वेक सुरू केल्यावर मिळाली.