इंडेज (शॅम्पेन इंडेज)

महाराष्ट्रातील चौगुले कुटुंबाचा वाइन-उद्योग. पुढे ‘इंडेज व्हिंटनर्स’ म्हणून ओळखला गेला. मुख्य कचेरी मुंबईत वरळीला, डॉ. ॲनी बेझंट मार्गावर, वायनरी पुणे जिल्ह्यात नारायणगावला (ता. जुन्नर) होती. तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी उद्योजक शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात फ्रान्समधील पिपर-हाइडसिक या शॅम्पेन-कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने उत्पादन सुरू केले. ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशी गेली. देशी बाजारात ‘मार्कीझ द पोंपादूर’ आली.

लाल वाइन : ‘अनारकली’, ‘रिव्हिएरा’ आणि वरच्या श्रेणीतली ‘शँतिली’ कॅबर्ने सोव्हिन्यों. कौतुक फेसाळ वाइनच्या वाट्याला आले. शेतीच्या अंगाने पाहता लाल वाइनचे काम अधिक मोलाचे मानावे लागेल. दख्खनच्या हवेत वेल हिवाळ्यात झोपत नाही. त्यामुळे छाटणी दोनदा : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, तिच्यावर घड लागतात. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरात, इथे जानेवारी ते मार्च. खाण्याच्या थॉमसन सीडलेसचा मणी मोठा, पातळ सालीचा हवा. वाइनच्या कॅबर्ने या वाणाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा. रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. म्हणून रस सालींसकट आंबवतात आणि टाकीत वर तरंगून आलेला सालींचा थर वरचेवर खाली दाबतात. घड पिकण्याचे उन्हाचे दिवस मात्र पक्ष्यांचे नि अवकाळी पावसाचेही असतात. साखर पुरती चढेपर्यंत घड वेलीवर ठेवायला बागायतदाराची छाती लागते.

शासकीय धोरण : 2001 च्या महाराष्ट्र द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूर (नाशिक) व पलूस (सांगली) येथे वाइन पार्क आखले गेले. लाभ नाशिककडे अधिक गेला. ‘सुला’ या वाइन-कंपनीने तिथेच बस्तान बसवले आणि काही वर्षांत इंडेजला मागे टाकले.

अखेर : परदेशी विस्तार, 2008 ची मंदी व कर्ज यांनंतर मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. कारणांच्या क्रमाविषयी मतभेद आहेत.