धारणीचे कागद धारणीत

ग्रंथालयांचा इतिहास सांगताना आपण शहरांची नावं घेतो: रत्नागिरी १८२८, ठाणे १८९३, मुंबई १८९८. आज धारणीकडून सुरुवात करू. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाट ओलांडून तिथं पोचायचं. पुढे मध्य प्रदेशची हद्द. हा मेळघाट, आणि इथली मोठी वस्ती कोरकूंची.

इथं पुस्तकाचा प्रश्न करमणुकीचा नाही, जमिनीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर पुरावा लागतो. कोणता चालेल, ते नियम १३ मध्ये दिलंय: गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, वनखात्याच्या कार्ययोजना. शिवाय गावातल्या वयस्कांचं निवेदन, पण लेखी. लायलने संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर १८७० चं, अमरावती जिल्ह्याचं १९११ चं. दोन्ही इंग्रजीत. म्हणजे पाड्यावरच्या माणसाच्या शेताचा आधार कदाचित छापलेला आहे, पण त्याला न येणाऱ्या भाषेत आणि दूरच्या कपाटात.

भाषेचंही तेच. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची बहीण. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून जास्त लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. तिच्यावर लिहिलं गेलंय, बरं का. जॉन ड्रेक यांचं व्याकरण १९०३ मध्ये कलकत्त्यात छापलं. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात १९०६ साली तिची नोंद झाली. नॉर्मन झाइड यांनी १९६० मध्ये अमेरिकेत तिच्या ध्वनींवर प्रबंध लिहिला. स्टीफन फुक्स यांचं कोरकूंवरचं पुस्तक १९८८ मध्ये दिल्लीहून निघालं. कलकत्ता, अमेरिका, दिल्ली. ज्यांच्या आजोबांचे शब्द यात आहेत, त्यांनी ते बघायचे कुठं?

आणि या समाजाला आठवण जपायची सवय नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मेलेल्यांसाठी लाकडी फळी कोरून उभी करायची रीत कोरकूंत आहे; तिला 'मुंडा' म्हणतात. तिच्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असतात. ही नोंदच आहे की! फक्त कचेरीत ती चालत नाही.

आता कायदा बघा. मद्रासने १९४८ च्या ग्रंथालय कायद्यात कर बसवला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात कर नाही, मुख्य भिस्त लोकांनी चालवलेल्या संस्थांवर आहे. आधी तुम्ही मंडळ नोंदवा, पुस्तकं जमवा, हिशेब ठेवा. मग मान्यता, मग अ, ब, क, ड असा वर्ग आणि अनुदान. जिथं वकील, मास्तर, पेन्शनर शंभर वर्षांपासून होते, तिथं हे छान चाललं. जिथं पोराला शाळेच्या दारातच पहिल्यांदा मराठी भेटते, तिथं हिशेबनीस आधी कुठून आणायचा? आम्हाला हा कायद्याचा दोष वाटतो, लोकांच्या उदासीनतेचा नव्हे.

दुसरा मार्ग आपल्याच एका मराठी राजाने दाखवला होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल, तर शिकलेलं अक्षर विसरतंच. म्हणून १९१० मध्ये बॉर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. गावाने एक हिस्सा जमवला की पंचायत आणि सरकार तेवढाच एकेक हिस्सा घालत. जिथं तेवढंही जमेना, तिथं पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. म्हणजे सरकार अर्ध्या वाटेवर येऊन उभं राहत होतं.

कुणी म्हणेल, आता फोन आहे. धारणी तालुक्यातलंच हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून जाहीर झालं. ठीक आहे. जुनी गॅझेटियरं फोनवर सापडतातही. पण हवं ते पान शोधायचं, त्याचं मराठी करायचं, दाव्याला जोडायचं आणि आजीचं निवेदन लिहून घ्यायचं, याला टेबल लागतं आणि पगारी माणूस लागतो.

त्या टेबलावर पहिल्या दिवशी फार काही नको. मेळघाटाबद्दलची पानं मराठीत करून ठेवावीत. ड्रेक यांच्या व्याकरणातले शब्द म्हाताऱ्यांना वाचून दाखवावेत. कोणते अजून बोलतात, कोणते चुकीचे लिहिलेत, ते देवनागरीत टिपून घ्यावं. आणि सरकारी वेळापत्रक काही म्हणो, बाजाराच्या दिवशी दार उघडं असावं. पाड्यांवरची माणसं त्या दिवशी धारणीत येतात.