मानसशास्त्र शिकायला राज्याबाहेर : केजकडचा एक जुना हिशोब

युसूफ वडगाव हे माझ्या मामाचं गाव. केज तालुक्यात, अंबाजोगाईपासून जवळ. मागच्या महिन्यात तिथून मामेबहिणीचा फोन आला. तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे, विषय मानसशास्त्र. म्हणाली, "ताई, पुढचं बाहेरच्या राज्यात करावं म्हणते. पप्पा म्हणायलेत जा, पण फीस बघून जा. स्वस्तात कुठं होईल?"

तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. का, हे मी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारच्या घरातल्या कर्त्या माणसानं जीव दिला, तेव्हा दारात आलेले सगळे कागद घेऊन आले होते. त्या घरातल्या बाईशी नुसतं बोलायला कुणी आलं नाही, हे ती तेव्हापासून सांगत असते.

मी तिला म्हटलं, दोन दिवस दे. मी मराठवाड्यातल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासावर पीएच.डी. करते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हिचा प्रश्न माझ्या प्रबंधात आधीपासून आहे, फक्त वेगळ्या सालात. तुम्ही संशोधनाच्या तयारीला लागला असाल, तर घरचा प्रश्न संशोधनाचा प्रश्न कसा होतो हे यातून बघता येईल.

सुरुवात शब्दापासून करू. 'बाहेरचं राज्य' म्हणजे काय? बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, तरी जिल्हा हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे १९५५ साली युसूफ वडगावचा मुलगा हैदराबादला शिकायला गेला तर तो राज्यातच होता, पुण्याला गेला तर परराज्यात. पुढच्या दोन वर्षांत हे नेमकं उलटं झालं. गाव जागचं हललं नाही, सीमा हलली. त्यामुळे कुठल्याही जुन्या नोंदीत 'परप्रांतीय विद्यार्थी' असा रकाना दिसला, की आधी साल बघा आणि मग आकडे मोजा. हे न केल्यामुळे माझं पहिल्या वर्षाचं अर्धं टिपण रद्द झालं. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला होता, "बाहेरचे म्हणजे कुणाच्या हिशोबाने?"

आता १९३० च्या आसपासचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. अंबाजोगाईचं सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद. तिथं योगेश्वरी विद्यालय होतं, पुढे स्वामी रामानंद तीर्थ ज्या शाळेत आले ती. समजा मुलगा मॅट्रिक झाला. पुढे काय? औरंगाबादला १९२३ पासून इंटरमीजिएट कॉलेज होतं, पण नावाप्रमाणे ते इंटरपर्यंतच. पदवीसाठी राज्यातलं विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. एका भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक, कायदा शिकवायचा हा प्रयोग मोठाच होता. त्यासाठी 'दारुल-तर्जुमा' नावाचं भाषांतराचं स्वतंत्र खातं काढलं होतं, आणि संशोधकानं त्याचं महत्त्व कमी लेखू नये. पण घरात मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलाला मानसशास्त्र भेटलं असतं ते 'नफ्सियात' या नावानं. फी कमी असली तरी भाषेची किंमत त्याला मोजावी लागणारच होती.

दुसरी वाट पुण्याची. लातूरला १९११ पासून बार्शी लाईटची छोटी गाडी येत होती. गावाहून बैलगाडीनं किंवा मिळेल त्या वाहनानं लातूर गाठायचं, छोट्या गाडीनं कुर्डूवाडी, तिथं मोठ्या रुळांवरची गाडी पकडून पुणं. प्रवास एकदाचा होतो. रोजचा प्रश्न जेवणाचा. पुण्यात गरीब मुलांसाठी माधुकरीची आणि वार लावून जेवायची पद्धत होती: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आठवणींच्या पुस्तकांत याबद्दल फार गोडीनं लिहिलेलं असतं. पण ती सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांची होती, हे लिहिणारे बहुधा सांगत नाहीत, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. बाकीच्यांसाठी वसतिगृह लागायचं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार बोर्डिंगं का उभी केली, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ ला सगळ्या जातींचं एकत्र वसतिगृह का काढलं, याचं उत्तर या ताटात आहे. कॉलेजची फी माफ होऊ शकते, भूक माफ होत नाही.

इथं साधनांबद्दल एक गोष्ट. आत्मचरित्रं लिहिली ती पोहोचलेल्यांनी. गोविंदभाई श्रॉफ एम.एस्सी.साठी कलकत्त्यापर्यंत गेले, ते आपल्याला कळतं, कारण पुढे ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. पहिल्याच दिवाळीत पैसे संपले म्हणून ट्रंक उचलून परत आलेला मुलगा कागदावर सापडत नाही. सापडलाच तर वसतिगृहाच्या बाकीच्या वहीत सापडतो. मी हल्ली आठवणींची पुस्तकं बाजूला ठेवून अशा वह्या शोधत असते. कंटाळवाणं काम आहे, पण तुम्हाला कधी जुन्या कॉलेजच्या माळ्यावर जाता आलं तर आधी ते बस्ते सोडा.

आता १९३८. हे प्रकरण मी तिला फोनवर अर्धा तास सांगितलं, इथंही थोडं सविस्तर सांगते. त्या वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेला 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. मुलं ऐकेनात. लोण हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत गेलं, गुलबर्गा आणि वरंगळकडेही पोहोचलं. शेकडो मुलांना काढून टाकलं. आता त्यांच्या जागी उभं राहून बघा. राज्यात विद्यापीठ एकच, आणि त्याचे दरवाजे बंद. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेलं वर्ष गेलं. गावी परत जायचं तर वडिलांना काय सांगायचं?

तेव्हा नागपूर विद्यापीठानं या मुलांना प्रवेश दिला. कुलगुरू होते टी. जे. केदार. नागपूर त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. निजामाच्या राज्यातल्या मुलांना ते अगदी शब्दशः परकं राज्य. या वाटेनं गेलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते, पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले. मराठवाड्यातले बरेच जण त्यात होते. अनंत भालेरावांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथात या लढ्याची सगळी पार्श्वभूमी मिळेल.

राजकीय इतिहासात हे प्रकरण राष्ट्रवादाचं उदाहरण म्हणून येतं. तसं ते आहेच. पण शिक्षणाच्या इतिहासाकडून बघितलं तर मला दुसरं काही दिसतं. या मुलांनी नागपूर निवडलं नव्हतं. स्वस्त-महाग, जवळ-लांब असा तक्ता त्यांनी केला नव्हता. आधीचे गुण, आधीची वर्षं ग्राह्य धरून पुढे शिकू देणारं कुणीतरी तिथं होतं, म्हणून ते तिथं गेले. एका विद्यापीठानं दुसऱ्याचं शिक्षण मान्य करणं ही कोरडी वाटणारी बाब, पण माणसाचं आयुष्य तीवर अडतं. हा धागा लक्षात ठेवा, मानसशास्त्राकडे आल्यावर पुन्हा लागेल.

पुढचं चित्र झपाट्यानं बदललं. १९४४ पासून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळू लागली. १९५० च्या जूनमध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. बाबासाहेब स्वतः १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, कोलंबियाला गेलेले. मुलाला लांब पाठवायला काय पडतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी कॉलेजच मुलांच्या जवळ आणलं आणि सोबत वसतिगृहही बांधलं. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पदवीसाठी राज्य सोडायची सक्ती संपली. राहिला प्रश्न विशिष्ट विषयांचा.

आणि मानसशास्त्र हा विषय पहिल्यापासून लांबच राहिलेला. देशातला त्याचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात निघाला, हार्वर्डला शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांच्या हाताखाली. दुसरा म्हैसूरला १९२४ मध्ये, एम. व्ही. गोपालस्वामींचा. (हे गृहस्थ लंडनला स्पिअरमनकडे शिकलेले. त्यांनीच १९३५ मध्ये म्हैसूरला घरातून 'आकाशवाणी' नावाचं रेडिओ केंद्र चालवलं. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) पुणे विद्यापीठात वि. कृ. कोठुरकरांचा प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग १९५० चा, मुंबईचा उपयोजित मानसशास्त्राचा १९५९ चा.

पण रुग्णांसोबत काम करायचं प्रशिक्षण विद्यापीठात नाही, मनोरुग्णालयात वाढलं. बेंगळूरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, तीच १९७४ ला 'निमहान्स' झाली. रांचीला इंग्रजांनी १९१८ मध्ये युरोपियनांसाठी काढलेलं वेड्यांचं रुग्णालय आज केंद्रीय मनोचिकित्सा संस्था आहे, तिथंही साठच्या दशकात हा अभ्यासक्रम आला. म्हणून क्लिनिकल मानसशास्त्राच्या जुन्या वाटा बेंगळूर-रांचीकडे जातात. येरवड्याचं मनोरुग्णालय १८८९ चं असूनही तसं केंद्र तिथं का उभं राहिलं नाही, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असेल तर बघा.

एवढं सांगून झाल्यावर बहीण म्हणाली, "इतिहास कळला ताई, पण मी जाऊ कुठं?"

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो, ती तिकडे, मी इकडे. पहिली ओळ फीची नाही लिहिली. पहिली ओळ मान्यतेची, नागपूरचा धागा तो हाच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला नुसतं एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं प्रशिक्षण लागतं, मुख्यतः दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये एम.फिल. बंद केलं, मग क्लिनिकल मानसशास्त्रापुरती २०२५-२६ पर्यंत मुभा दिली. म्हणजे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीची परिषदेची यादी स्वतः उघडून बघायची. एका खासगी संस्थेचं सुंदर माहितीपत्रक तिनं मला पाठवलं होतं. फी परवडण्यासारखी, वसतिगृह, सगळं. परिषदेच्या यादीत नाव नाही. ते पान आम्ही फाडलं.

दुसरी ओळ मेसची. केंद्रीय विद्यापीठांची फी बहुतेक खासगी संस्थांपेक्षा पुष्कळ कमी असते आणि प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो. पण वसतिगृह प्रत्येकाला मिळतंच असं नाही. ते नाही मिळालं तर खोलीभाडं फीच्या कितीतरी पट जातं. शिष्यवृत्तीचंही तपासलं. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तुम्ही कुठंही शिकलात तरी मूळ राज्याकडून मिळते. राज्य सरकारच्या स्वतःच्या काही योजना मात्र सीमेपाशी थांबतात. कोणती कुठं थांबते हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारायचं, नात्यातल्या माणसाला नाही. तिसरी ओळ भाषेची. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलावं लागतं. बेंगळूरला कन्नड, रांचीला हिंदी. हिंदी तिला येते.

यादीत शेवटी चार नावं उरली. पहिलं हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाचं. तिथं आरोग्य-मानसशास्त्राचं केंद्र आहे, आणि लातूरहून रेल्वे आहे. एम.ए. किंवा एम.एस्सी. आधी, क्लिनिकलचं प्रशिक्षण नंतर, असा दोन टप्प्यांचा बेत ठरला. मामानं वही बघितली आणि म्हणाला, "हैदराबाद होय? आमचे आजोबा कोर्टकज्ज्याला तिकडंच जायचे."

अर्ज भरून झालाय. वसतिगृहाच्या कार्यालयाचा फोन अजून कुणी उचलत नाही, ती रोज अकरा वाजता लावते.